झिपच्या पोटात डीएमजी

रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करते म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. कुठल्या बुवांचा आवाज ऐनवेळी बसला, कुठल्या तबलजीनं कुणाला समेवर गाठलं, असलं काही ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असते. माझ्याकडे तसले किस्से फार नाहीत. माझ्याकडे आहेत ते इन्स्टॉलरचे! ते काही मी मुद्दाम जमवलेले नाहीत. रोज कुठलं तरी सॉफ्टवेअर उतरवायचं, ते उघडताना कुणीतरी काहीतरी करून ठेवायचं, आणि दुपारी डबा खाताना तेच थोडं तिखटमीठ लावून पुन्हा सांगायचं. असं करता करता आता इतके झालेत की एक सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतोच.

आमचा स्टुडिओ बनारसला, दूधविनायकच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आहे. मालकीण वसुधाताई. गाणं शिकवतात. त्यांच्या घराण्याला काशीत येऊन किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही धड सांगता येत नाही. त्यांची भाची साक्षी एडिटिंग करते; वाक्य मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. मिश्राजी तबला वाजवतात, मिक्सिंगही करतात. आणि चौथी मी, मंजिरी. मूळची सांगलीची. नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली म्हणून इथे आले आणि रमले.

स्टुडिओत दोन मॅक कंप्युटर आहेत. त्यांचं खातं माझ्याकडे आलं ते काही शिक्षणामुळे नाही. स्क्रीनवर आलेली सूचना शेवटपर्यंत वाचून मग बटण दाबणारी या चौघांत मी एकटीच. एवढ्या भांडवलावर मी एक्स्पर्ट झाले.

*

मिश्राजींनी तानपुऱ्याचं एक ॲप उतरवलं होतं. मॅकवर ॲप पुष्कळदा डीएमजी नावाच्या फाइलमधून येतं. ती उघडली की डेस्कटॉपवर एक पांढरी डिस्क दिसते, जणू कुणी पेनड्राइव्ह लावलाय. त्या डिस्कमधलं ॲप ओढून ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरमध्ये टाकायचं आणि डिस्क काढून टाकायची, की झालं काम. कुठून कुठे ओढायचं ते कळावं म्हणून तिथे बाणसुद्धा काढलेला असतो. मिश्राजींना तो बाण म्हणजे नक्षी वाटली.

ते रोज सकाळी यायचे, डाउनलोड्समध्ये जाऊन ती फाइल उघडायचे, डिस्क आली की तिच्यातूनच ॲप सुरू करायचे. असे कित्येक महिने गेले. मग दिवाळीच्या सफाईत साक्षीनं डाउनलोड्सचं फोल्डर रिकामं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी गोळा झालेले, सूर लावायचा, तर तानपुरा गायब. मिश्राजींचा चेहरा उतरला. कुठल्या विद्यार्थ्याची पट्टी कुठली, तारा किती ढिल्या, किती ताणलेल्या, सगळं त्यांनी त्यात हौसेनं बसवून ठेवलं होतं.

मी फाइल पुन्हा उतरवली आणि ॲप बाणाप्रमाणे जागेवर टाकलं. उघडलं, तर त्यांनी ठरवलेलं सगळं जसंच्या तसं होतं. मॅकनं ते दुसरीकडे नीट जपून ठेवलं होतं. मिश्राजींनी सुस्कारा सोडला. मग झालं काय होतं ते मी त्यांना समजावून सांगितलं.

"हम समझे घर में बस गया है," ते म्हणाले. "ये तो महीनों से धरमशाला में टिका था!"

वसुधाताई म्हणाल्या, "आणि तुम्ही रोज सकाळी त्याला नव्यानं खोली देत होता."

*

ग्वाल्हेरहून एक वयस्कर कीर्तनकार बुवा आले होते. घराण्यातले काही अभंग त्यांना मुलांसाठी रेकॉर्ड करून ठेवायचे होते. आदल्या दिवशी साक्षीनं संतूरच्या आवाजांचं एक पॅक उतरवलं होतं. झिप फाइल होती, म्हणजे गुंडाळी करून लहान केलेली. दोनदा क्लिक केलं की मॅक ती गुंडाळी सोडून शेजारी फोल्डर करून ठेवतो. फोल्डर होतंही होतं, पण यादीत पार खाली. साक्षीला ते दिसेना. म्हणून तिनं पुन्हा क्लिक केलं. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत जाता-येता ती क्लिक करत होती.

इकडे बुवा डोळे मिटून गायला लागले आणि ऐन रंगात असताना माझ्यासमोर सूचना आली की डिस्क भरली. रेकॉर्डिंग बंद! बुवांना काय कळणार? ते गातच होते. काचेपलीकडून त्यांना थांबवायचं धाडस आमच्यापैकी कुणालाच होईना. त्यांचा अभंग पुरा होईपर्यंत आम्ही नुसतेच हात जोडून उभे.

बघते तर काय, संतूर, संतूर दोन, संतूर तीन, अशी रांगच लागलेली. प्रत्येक फोल्डरमध्ये तेच सामान आणि प्रत्येक अगडबंब. साक्षी हळूच म्हणाली, "मला वाटलं खुल ही नहीं रहा, म्हणून मी प्यार से पुन्हा क्लिक करत होते."

जास्तीची सगळी संतुरं मी पुसली. वसुधाताईंनी बुवांची माफी मागितली आणि पुन्हा गायची विनंती केली. बुवांनी पाण्याचा घोट घेतला आणि गायले. पहिल्यापेक्षा दुसरं गाणं इतकं मोकळं झालं की मिश्राजी ठेका धरता धरता मान हलवत राहिले. ते बुवांनाही जाणवलं असावं. निघताना जिन्यात थांबून त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"पुन्हा येईन तेव्हा," ते म्हणाले, "आधी एकदा असंच बंद पाडाल का?"

*

पुण्याच्या एका घरातलं लग्न इथे व्हायचं होतं. मुलीच्या आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आपल्याच आवाजात म्हणून पाठवली होती. त्यांच्यामागे सनई आणि तबला भरून द्यायचा होता. लग्न तोंडावर आलेलं. फाइलचं नाव नीट होतं, शेवटी डब्ल्यूएव्हीसुद्धा लिहिलेलं, म्हणजे आवाजाचीच फाइल. पण ती वाजेचना.

अशा वेळी मी एक करते. मॅकमध्ये टर्मिनल नावाची एक साधी खिडकी असते, तिच्यात हुकूम टाइप करून द्यायचे. तिथे 'फाइल' एवढा इंग्रजी शब्द टाइप करायचा आणि पुढे ती संशयित फाइल ओढून आणून सोडायची. मॅक फाइल न उघडता तिच्या आतलं सुरुवातीचं थोडं बघतो आणि ती खरी कोण आहे ते सांगतो, नाव काही का असेना. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या वसुधाताई म्हणाल्या होत्या, "म्हणजे नाव राहू दे, गोत्र सांग." तेव्हापासून आमच्याकडे याला गोत्र विचारणं म्हणतात.

गोत्र विचारलं, तर निघाली झिप. नाव बदललं, उघडली. आत आणखी एक झिप. तिच्या पोटात डीएमजी. डीएमजी उघडली, डिस्क आली, डिस्कमध्ये फोल्डर, फोल्डरमध्ये एकच फाइल. फोन करून विचारलं तर कळलं, आत्याबाईंचा भाचा कंप्युटर इंजिनियर. आवाज वाटेत खराब होऊ नये म्हणून त्यानं आत्याच्या काळजीपोटी एवढी आवरणं घातली होती. आम्ही चौघं स्पीकरभोवती जमलो. मी वाजवलं.

बाईंचा आवाज आला. "हॅलो, आवाज येतोय का?" मग थोडा खरखराट, आणि "बंद कर रे, नीट नाही आलं." संपलं.

चांगलं झालेलं रेकॉर्डिंग भाच्यानं पुसलं होतं आणि हे जपून ठेवलं होतं. आत्याबाई मात्र उमद्या. लग्नासाठी बनारसला उतरल्या आणि सामान ठेवून तशाच स्टुडिओत आल्या. साडीचा पदर खोचून माईकपुढे उभ्या राहिल्या. मी काचेतून खूण केली, लाल दिवा लागला. आत्याबाईंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, "आवाज येतोय का?"

*

एकदा साउंड कार्डासाठी सॉफ्टवेअर हवं होतं. मिश्राजींनी कुठून तरी शोधून आणलं. झिपमध्ये झिप, त्यात डीएमजी, त्यात पीकेजी. पीकेजी म्हणजे जी फाइल परवानगी मागून मॅकमध्ये स्वतःच सगळं जागच्या जागी बसवते. ती न चालवता आत काय काय आहे ते बघता येतं, म्हणून आधी मी ते बघायला घेतलं. मिश्राजी शेजारी स्टूल घेऊन बसले. प्रत्येक फाइल उघडताना पुढे वाकत होते.

पीकेजीत होती एक मजकुराची फाइल. तिच्यात लिहिलं होतं, हे सॉफ्टवेअर जुनं झालं आहे, नवं आमच्या वेबसाइटवरून घ्यावे.

मिश्राजी उठले. "पान के अंदर पान, उसके अंदर फिर पान," ते म्हणाले. "सुपारी कहाँ है भाई?"

*

साक्षीचा एक किस्सा तिच्या परवानगीनंच सांगते. एका जाहिरातीला सतारीचा तुकडा हवा होता, आणि लगेच हवा होता. आमचे नेहमीचे सतारवादक गावाला गेलेले. साक्षीला मैत्रिणीनं एक फाइल पाठवली, सतारीचं महागडं सॉफ्टवेअर, फुकटात. काम साक्षीनं स्वतः मिळवलेलं, पहिल्यांदाच, त्यामुळे ती अगदी जिवावर उदार झाली होती.

मी खोलीत आले तेव्हा ती बरीच आत पोचली होती. झिप उघडली होती. तिच्यात पासवर्डचं कुलूप लावलेली दुसरी गुंडाळी, आणि शेजारीच पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी. ते कुलूप आपल्यासाठी नसतंच. व्हायरस तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत डोकावता येऊ नये म्हणून असतं. त्याच्या आत डीएमजी. आणि डीएमजीच्या खिडकीत बाणाऐवजी सूचनांचं एक चित्र: टर्मिनल उघडा, ही फाइल त्यात ओढा, एंटर दाबा, मॅकचा पासवर्ड द्या. साक्षीची फाइल ओढून झाली होती. बोट एंटरवर.

मी तिला हात बाजूला घ्यायला सांगितला. ती चिडली. सगळेच वापरतात, म्हणाली, आणि काम गेलं तर तुम्ही देणार का दुसरं? तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्याच मॅकवर वसुधाताईंच्या शिष्यांची कित्येक वर्षांची गाणी होती. मी तिला सांगितलं की चांगला इन्स्टॉलरही कधी पासवर्ड विचारतो, पण आधी तो आपली ओळख दाखवतो. त्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातल्या कुलपावर क्लिक केलं की कुणाची सही आहे ते दिसतं. याला सही नाही, आणि मॅक आपल्याला अडवेल म्हणून हा आपल्यालाच मागच्या दारानं आत घ्यायला सांगतोय.

आवाज ऐकून वसुधाताई आल्या. ते काय मागतंय, एवढंच त्यांनी विचारलं. साक्षी म्हणाली, पासवर्ड.

"पाहुण्यानं पाणी मागावं," वसुधाताई म्हणाल्या. "आल्या आल्या तिजोरीची चावी कशाला मागतो गं तो?"

साक्षीनं टर्मिनल बंद केलं, डिस्क काढली आणि सगळं पुसलं. पण तिचे डोळे भरून आले होते. मिश्राजी बाहेर गेले, त्यांनी कुणाला तरी फोन केला. थोड्याच वेळात त्यांचे मेहुणे खांद्यावर गमछा टाकून, सतार सांभाळत जिना चढून आले. घरी वाजवतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. माईकपुढे बसले, साक्षीनं गुणगुणून दाखवलं तसं वाजवलं, आणि दुसऱ्याच टेकमध्ये काम झालं. तिचा चेहरा असा खुलला की बघत राहावं. ते सतार गवसणीत घालत होते तेव्हा तिनं त्यांना मोठ्या अदबीनं विचारलं, आपको कुछ चाहिए?

"कुछ नहीं बेटा," ते म्हणाले. "बस एक गिलास पानी."

आम्ही सगळे एवढे का हसतोय हे त्या बिचाऱ्यांना अजून कळलेलं नाही.

*

हा पुढचा किस्सा मिश्राजी माझ्यापेक्षा रंगवून सांगतात, पण प्रत्यक्ष तिथे होते मी.

आमच्या मागच्या गल्लीत एक गुरुजी राहतात. महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांचे विधी ते अमृतराव घाटावर करवतात. कुठल्या विधीला काय, कशानंतर काय, हे त्यांच्या घराण्यात तोंडी चालत आलेलं. आपल्यामागे ते राहावं म्हणून त्यांनी त्याचं पुस्तक करायला घेतलं. ते सांगायचे आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, टाइप करायच्या. काकू नागपूरच्या, लग्नाआधी मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेल्या. पुतण्यानं छापखान्यातला एक जुना मॅक दिला होता, त्यावर वर्षानुवर्षं हे काम चाललं. गुरुजींना मोतीबिंदूमुळे स्क्रीनवरचं दिसत नसे, त्यामुळे सगळी मदार काकूंवर.

मग गुरुजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता आपण डोळ्यांनी वाचून छापायला द्यायचं, असं ते ठरवतात तोवर जुना मॅक बंद पडला. मुलानं नवा पाठवला. फाइली तर सगळ्या आल्या, पण उघडलं की पानभर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. त्या काळातले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी कपडे घातलेले असत. फॉन्ट नसला की कपडे गेले, नुसती इंग्रजी अक्षरं उरली. दुकानदारानं सांगितलं, पुन्हा टाइप करावं लागेल. काकूंनी आपल्या बोटांकडे बघितलं. मी गेले तेव्हा गुरुजी दोन घासांवर उठले होते. म्हणाले, "माझ्यामागे हे कोण वाचणार याची काळजी होती. आता मलाच वाचता येईना."

फॉन्टचा इन्स्टॉलर एका पेनड्राइव्हवर सापडला. मी आधी त्याची नक्कल करून ठेवली आणि नकलेवर काम सुरू केलं. झिप उघडली, तिच्यात डीएमजी, डीएमजीत पीकेजी. इन्स्टॉलर इतका जुना की नवा मॅक तो चालवायलाच तयार नाही. पण मला तो चालवायचा नव्हताच, आतलं सामान तेवढं हवं होतं. टर्मिनलमधून तो नुसता उसवला. आत एक मोठी फाइल, नावापुढे काहीच नाही. तिला गोत्र विचारलं, तर तीही गुंडाळी. ती सोडली, आत आणखी एक. आणि शेवटी एका फोल्डरमध्ये फॉन्ट. मी तेवढाच उचलला, बाकीचं सगळं तिथेच ठेवलं. फॉन्ट बसवला आणि गुरुजींची फाइल पुन्हा उघडली.

पानभर मराठी!

गुरुजींनी हात जोडले. काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग गुरुजी स्क्रीनजवळ सरकले आणि घाटावर सांगतात तशा खड्या आवाजात वाचायला लागले.

"यजमानाने पूर्वाभिमुख बसावे. आचमन करावे. प्राणायाम करावा. अगं, चहा ठेव जरा, घसा बसला. नंतर देशकालाचा उच्चार करून..."

गुरुजी थांबले. पुन्हा मागे जाऊन मनात वाचलं. पान खाली सरकवलं. "दर्भ दक्षिणाग्र ठेवावेत. साखर कमी." आणखी खाली, "कोण आलंय बघ गं." त्याच्याही खाली, "हे दोनदा लिहिलंस का? मग एक खोड."

त्यांनी मान वळवून काकूंकडे बघितलं. मी माझं लक्ष पेनड्राइव्हकडे ठेवलं.

"तुम्हीच म्हणाला होतात," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी बोलेन ते जसंच्या तसं लिही, मधे आपलं डोकं चालवू नकोस."

आणि माझ्यासाठी चहा टाकायला म्हणून त्या उठून आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग भांड्याचा. गुरुजी इकडे ओठ हलवत वाचत होते. बऱ्याच पानांनंतर त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मंजिरीताई, एवढं एक करा. यातले सगळे चहा काढून टाका."

आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला.